अर्ध्यावर सुटलेला घोडा

१२ मार्च

प्रिय बारक्या,

आशीर्वाद. आम्ही ठीक आहोत. बाबांचा खोकला गेला, चिडचिड आहे तशीच.

तुझं चौथं पत्र मिळालं. चौथ्यांदा तोच प्रश्न: ठासणीच्या बंदुकांना चाप, म्हणजे घोडा-कमान-खटक्याचा अख्खा संच, कुठले घेऊ? अरे, सात वर्षं बाबांच्या दुकानात माझ्या शेजारच्या बाकावर बसून काय माशा मारत होतास? वर तीन कारखान्यांच्या चापांची चित्रं पाठवतोस! चित्र बघून चाप कळत असता तर मी कशाला हात काळे केले असते?

आता शेवटचं सांगते. चकाकीला भुलू नकोस. गारगोटी घासते त्या पोलादी पट्टीवर कानस फिरव. चरा पडला तर माल परत. गारगोटी धरणारा घोडा ओढताना कमान कुठे अडखळता कामा नये. मग घोडा अर्ध्यावर, बार उडू नये म्हणून असलेल्या खाचेत, ठेव आणि खटका जीव खाऊन दाब. वीस वेळा. एकदा जरी सुटला, तरी तो चाप दुकानात ठेवायचा नाही.

शेवटी लिहिलंयस, ‘मी निवडलेल्या चापांवर लोक विश्वास ठेवतील का?’ ते वाचून डोकंच फिरलं माझं. तुझ्यावर नाही.

दोन वर्षांपूर्वी बाबांनी बार भरलेली बंदूक नळीच्या तोंडाशी धरून उचलली, अर्ध्यावरचा घोडा सुटला आणि त्यांचा अंगठा गेला. तो चाप मी फेकला नव्हता. परवा उघडून पाहिला.

खोटं कशाला लिहू? तू घर सोडलंस त्याच आठवड्यात उघडला होता. घोडा धरून ठेवणारं टोक घासून बोथट झालं होतं. कानस माझी. गिऱ्हाइकाला हलका चाप हवा होता, मी घाईत चार हात जास्त मारले. बाबा ओरडले, “बारक्यानं भंगार आणलं!” तेव्हा मी मान खाली घालून रक्त पुसत राहिले. तू माझ्याकडे बघत होतास, तेही मला दिसलं होतं.

काल बाबांना सांगितलं.

“दोन वर्षं?” आधी एवढंच म्हणाले. मग म्हणाले, “लिही त्याला. आणि विचार, मी आलो तर चालेल का?”

तर विचारते. त्यांना ये म्हण. मला म्हणायचं की नाही, ते तुझ्यावर.

तू आणलेला चाप चांगला होता, बारक्या.

तुझी गुन्हेगार,
ताई