भिंतीवरली अकरा मिनिटं

ती. सरुआक्कांना,

दुखरा गुडघा वगळून दुसऱ्या पायावर डोकं ठेवते. कळवणला थंडी लय असंल, तेल चोळत जा. (सुनेकडून चोळून घेऊ नका, ती सगळा जुना हिशोब गुडघ्यावर काढंल.) फोनवर तुम्हाला ऐकू येत नाय, अन् आमच्या सूनबाईला, शुभांगीला, भिंतीआडून सुद्धा येतं, म्हणून पत्र.

तर आक्का, तुमची भावजय पडद्यावर गेली. दसऱ्याआधी आपल्या झेंडूच्या मळ्यात शहरातली पाच-सहा पोरंपोरी आली व्हती. त्यांच्यात कोणी मालक नाय, कोणी साहेब नाय, सगळे मिळून कॅमेऱ्यानं काहीबाही करतात अन् त्याला कला म्हणतात. त्यातली मोहिनी म्हणली, आजी, नुसत्या माळा ओवा, काही झालं तरी उठायचं नाय अन् बोलायचं नाय. अकरा मिनिटं. (मला गप बसवायला तुमचे भाऊ लग्नापासून झटले, त्यांना जमलं नाय, ते या पोरीला जमलं.)

आता ते द्वारका चौकाच्या मागं एका बंद पडलेल्या गोदामात भिंतीवर दाखवतात. गोष्ट नाय, गाणं नाय, आवाज बी नाय. मी भिंतीएवढी, नाकातली मुरणी परातीएवढी. संपलं की परत पहिल्यापासून. माणसं हनुवटी खाजवत बघतात. अन् मधीच मागून तुमचे भाऊ येतात. तीच बंडी, तीच टोपी. मला काहीतरी म्हणतात. मी मान वर न करता हात हलवते, जा म्हणून. ते जरा थांबतात अन् जातात. हे टिपलं त्याच संध्याकाळी ते गेले, तुम्हाला ठाव हाय. भिंतीवर मात्र दर अकरा मिनिटांनी येतात, अन् दर खेपेला मी हाकलते.

चहा मागत व्हते, असं मी त्या कॅमेऱ्यावाल्या पोरांना सांगितलं. दहाव्याला रामकुंडावर कावळा शिवंना, आठवतं का? आपला पोरगा भारत म्हणला, तंबाखू सोडतो. तुम्ही म्हणलात, पुतळाला मी सांभाळीन. कावळा आपला झाडावर. शेवटी दर्भाचा केला. म्हणून परवा मी थर्मास नेला, कपात चहा ओतून भिंतीखाली ठेवला. लोकांना वाटलं, हे बी कलेतलंच. गोल करून उभे, फोटो काय, एक चष्मेवाला तर कपाला प्रदक्षिणा घालून आला अन् मोहिनीचं कौतुक करून गेला. तेवढ्यात गोदामाचा राखणदार झुंबर आला अन् उभ्या उभ्या चहा पिऊन टाकला. मी म्हणलं, शिवला एकदाचा. इतकं हसले की डोळ्याला पाणी आलं. मग ते थांबंना.

तुमची,
पुतळा

ता. क. रविवारी ते सगळं उतरवून नेणार हायेत. त्याच्या आत या.

ता. क. दुसरं. हे कोणाकडून वाचून घेऊ नका. चहा त्यांनी मागितलाच नव्हता. छातीत दुखतंय म्हणले. भिंतीवर आवाज नाय म्हणून कोणाला कळत नाय, मी एकटीच ऐकते. रागवायचं तर रागवा, पण रामकुंडावर बोललात ते करा. माझ्या शेजारी बसा, अन् ते आले की माझा हात धरा. भिंतीवरला धरता येणार नाय. मांडीवरला धरा.