आधी नाव, मग सुई

प्रिय बुद्धप्रिया,

सप्रेम जयभीम. कुर्डुवाडीची हवा मानवली का? रेल्वे क्वार्टरमध्ये एकटीसाठी स्वयंपाक करतेस, की डब्यावर भागवतेस? जुळे सोलापुरातल्या आपल्या फ्लॅटमध्ये आता मी आणि आई, दोघंच. मी दिवसभर लॅपटॉपशी बोलतो, आई टीव्हीशी. घर लई मोठं वाटतं गं. परवा भाकरी थापायला बसलो, तर तव्यावर जाईपर्यंत तिचे तीन तुकडे! आई खदखदून हसली आणि लगेच म्हणाली, "पोरगी कवा येनार हाय रे?" मी पाणी प्यायला उठलो. सात महिने मी दर वेळी पाण्यालाच उठतोय.

माझं काम नक्की काय, म्हणून तू चिडवायचीस. अगं, गावोगावचे शेकडो कॉम्प्युटर एकाच वेळी एकाच गोष्टीला हात लावायला धावतात. एकानं हात लावलाय हे बाकीच्यांना त्याच क्षणी कळलं पाहिजे, नाहीतर एकच काम दोनदा होतं. म्हणून आधी आपल्या नावाचं कुलूप लावायचं, मगच हात लावायचा. हेच शहाणपण मी घरात आणलं. आईला घटकाभरापूर्वीचं आठवत नाही, म्हणून तिच्या इन्सुलिनसाठी आपल्या दोघांच्या फोनवर एकच यादी. आधी नाव, मग सुई. तू एकदा नाव लिहायला विसरलीस, तर केवढं सुनावलं होतं मी!

आणि त्या सकाळी आईला दोघांनीही सुई दिली. ती घामानं भिजली, शुद्ध हरपली, पाच दिवस दवाखान्यात काढले. तू रडत सांगत होतीस, यादीत दादाचं नाव नव्हतं. मी फोन पुढे केला. त्यात नाव होतं. वर साहेबी थाटात समजावलं, की तुझ्या फोनवर उशिरा पोचलं असेल, पण एकदा हाक मारून विचारायचं होतंस. तू ते खरं मानलंस. पुन्हा सुईला हात लावला नाहीस, आणि बदली मागून निघून गेलीस.

प्रिया, तुझा फोन बरोबर होता. माझा ऑफिसचा कॉल चालू होता. घाईत सुई दिली आणि नाव लिहिलंच नाही. ते मी दवाखान्यात जाताना रिक्षात लिहिलं, आईचं डोकं तुझ्या मांडीवर असताना. भ्यालो होतो गं. हे कागदावर लिहितोय, कारण फोनवर लिहिलं असतं तर पुसलं असतं. मला माफ करू नकोस हवं तर, पण तुझं काहीही चुकलं नव्हतं. आईलाही मी आज हेच सांगितलंय. उद्या ती विसरेल, मग उद्या पुन्हा सांगेन. रविवारी ये. सकाळची सुई तू दे.

तुझाच,
यशपालदादा