मागच्या खोलीतली काळी तार

बुधवार, १२ नोव्हेंबर

रविवारच्या पानावर मी लिहिलं आहे की पटले काकूंकडे बसवलेला हब खराब निघाला. ते चूक आहे. हब चांगला आहे. पान फाडत नाही, दुरुस्ती इथे करून ठेवते.

हब म्हणजे मुख्य डबी. घरातले दिवे, पंखे, काकूंच्या यजमानांसाठी, काकाजींसाठी, बसवायची घंटा, सगळं तिच्या सांगण्यावर चालतं. संध्याकाळी सहाला ती मागच्या खोलीतला दिवा लावते, आणि बरोबर सहालाच सगळं घर बंद पडायचं. नवीन बसवलेला ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की सगळं तोडणारा खटका, खाली यायचा. मी हबला दोष देऊन मोकळी झाले. काकूंच्या मुलाला, संदीपभाऊंना, हैदराबादला फोन करून तसं सांगितलंही. सगळं सामान त्यांनीच पाठवलेलं. त्यांनी लगेच दुसरा हब मागवला.

आज हब काढून बाजूला ठेवला आणि तोच दिवा हाताने लावला. तरी ईएलसीबी पडला. म्हणजे वीज वाटेत कुठेतरी गळते आहे आणि तो बिचारा आपलं काम करतो आहे. मी तपासायच्या आधी बोलले. बाबा म्हणतात ते खरं, माझं तोंड मीटरच्या आधी चालतं.

संदीपभाऊंना मेसेज केला: हब ठीक आहे, चूक माझी, दुसरा परत करा. त्यांचा नुसता अंगठा आला. एवढं सोपं होतं.

हब परत बसवला. मागच्या खोलीचा एमसीबी, म्हणजे तिकडची वीज तोडायचा खटका, खाली करून त्यावर टेप लावली.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

आजचा दिवस छान. काकाजींच्या पलंगाला डाव्या बाजूने चार बटनं लावली. गेल्या वर्षीपासून त्यांचा उजवा हात चालत नाही आणि बोलणं अडकतं, म्हणून आवाजावर काही ठेवलं नाही. दिवा, पंखा, टीव्ही, आणि चौथं बटन घंटेचं. घंटा खळ्यावर वाजते, कारण सध्या काकू दिवसभर तिथेच, धानाची चुरणी, म्हणजे मळणी, सुरू आहे.

काकाजींनी दिवा लावला. बंद केला. पुन्हा लावला. पंधरा-वीस वेळा तरी. मी खाली बसून वायरचे तुकडे गोळा करत राहिले.

मग घंटा. काकू धावत आल्या, काय हवं विचारलं, तर काही नको. पुन्हा गेल्या, पुन्हा वाजली. तिसऱ्यांदा दारात उभ्या राहून म्हणाल्या, "बोलता येत होतं तवा कधी हाक मारली नाही, आन् आता बोलावून बोलावून जीव खाऊन राहिले." काकाजी अर्ध्या तोंडाने हसत होते. काकूही. मला वाटलं, हे काम मला जमतं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

मागच्या खोलीत धानाची पोती छतापर्यंत. त्यांच्यावर चढूनच वरची जंक्शन पेटी उघडली.

खाली बोर्डात काळी तार येते. काळी म्हणजे न्यूट्रल, वीज परत नेणारी, म्हणून मी हबचं ऐकणारं नवं मॉड्यूल निर्धास्त तिच्यावर जोडलं होतं. मीटरही दोनशे तीस दाखवत होता. पण वर पेटीत ती काळी तार हिरवीला जोडलेली आहे. हिरवी म्हणजे अर्थिंग, बिघाड झाला तरच वीज जमिनीत सोडणारी. म्हणजे इतकी वर्षं मागच्या भागातली वीज अर्थिंगच्या तारेतून परत जाते आहे. जुन्या मेन बोर्डात ईएलसीबी नव्हता, त्यामुळे कोणाला कळलं नाही. दिवा लागत होता.

मागच्या बाथरूमचा गिझर त्याच हिरव्या तारेवर आहे. ती तार पुढे कुठे तुटली, उंदराने कुरतडली, तर गिझरच्या पत्र्यात वीज उतरेल. नळालाही. 

आणि तो सांधा. तार बोटाच्या पेराएवढी सोललेली, पीळ देऊन मागे दुमडलेली, टेपच्या आत सुती दोरा. टेपखाली दोरा गुंडाळणारा मिस्त्री या तालुक्यात मला एकच माहीत आहे.

बाबांनी केलं आहे हे.

फोटो काढला. पेटी बंद केली. खाली उतरल्यावर काकूंनी विचारलं, झालं का? म्हटलं, एक पार्ट यायचा आहे, तोवर मागचा एमसीबी लावू नका. त्या बरं म्हणाल्या. पार्ट कुठलाच यायचा नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

बाबा आज अंगणात मिक्सर उघडून बसले होते. पटलेकडचं कसं चाललंय विचारलं. चांगलं, म्हटलं. तेही खोटं नाही.

मी शाळेत जायच्या आधी बाबांनी मला रंग शिकवले ते तारांवरून. लाल, पिवळी, निळी, काळी, हिरवी. "हिरवी कोनाची नसते, हिरवी घराची असते." पहिलीच्या बाईंनी हिरवं काय काय असतं विचारलं तेव्हा सगळ्यांनी पान, पोपट सांगितलं, मी अर्थिंग सांगितलं. बाबा अजून पाहुण्यांना सांगतात हे.

तोच माणूस हिरवीला काळी जोडतो?

रविवार, १६ नोव्हेंबर

विचारलं नाही.

सोमवार, १७ नोव्हेंबर

पुन्हा दुरुस्ती. शुक्रवारी लिहिलं की बाबांनी केलं. तेही चूक.

दुपारी उगाच दोन तुकडे घेऊन सांधा करून पाहिला, दोऱ्यासकट. मग फोटो काढून शेजारी ठेवला. दोन्हींचा पीळ एकाच दिशेने. बाबांच्या जुन्या एक्स्टेंशन बोर्डातला सांधा उघडून पाहिला, त्याचा पीळ उलट. बाबा उजव्या हाताने पिळतात. मी डावखुरी. माझा पीळ लहानपणापासून उलटाच पडतो, त्यावरून बाबा मला चिडवायचे.

तो सांधा माझा आहे.

आठवलं मग. सातवीची परीक्षा संपली होती. पटलेंचं मागचं बांधकाम नवीन होतं आणि पेटी भिंत अन् तुळईच्या मधल्या फटीत, तिथे बाबांचा खांदा जात नव्हता. मी शिडीवर, बाबा पुढे मेन बोर्डाशी. मी वरून काहीतरी विचारलं होतं. त्यांनी तिकडून काहीतरी उत्तर दिलं होतं. काय, ते आठवत नाही. दोरा बांधल्याचं मात्र चांगलं आठवतं, कारण तो फार सुबक बांधला गेला होता.

तीन दिवस मी मनात बाबांना बोलत होते. जेवताना त्यांच्याकडे नीट बघतही नव्हते.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

काकूंचा फोन. बुधवारी, २६ला, त्यांच्या गावची मंडई, दिवाळीनंतरची जत्रा. आदल्या दिवशीच दोघी मुली लेकरांसकट येणार, जावयांचे भाऊ येणार. मागच्या खोल्या उघडाव्या लागतील, एवढ्या माणसांना गरम पाणी लागेल.

"तो एमसीबी लावू का पोरी? तू कायले बंद ठेवून गेली?"

नका लावू म्हटलं. हात लावू नका, मी येऊन करून देते. पार्ट आला का, त्यांनी विचारलं. येईल, म्हटलं. हे दुसरं खोटं, पहिल्याला टेकू द्यायला.

मग त्या आपणहून बोलत राहिल्या. मंडईला सगळे नातेवाईक काकाजींची बटनं पाहतील, बहिणीकडेही तसंच करायचं आहे, तुझंच नाव सांगते. आणि म्हणाल्या, "संदीप म्हणे गोंदियाचा माणूस बोलावतो. मी म्हटलं, नाही. ल्हानपणी ते पोट्टी शिडीवर चढून अशी जोडत होती जशी वेणी घालून राहिली. तिलेच बोलाव."

त्या कामामुळे मला हे काम मिळालं आहे.

गुरुवार, २० नोव्हेंबर

बाबांना सांगितलं. फोटो दाखवला, पीळ दाखवला. त्यांनी चष्मा लावला, काढला, फोन लांब धरला. मग हसले. तेरा वर्षांच्या पोरीने जोडलेला सांधा इतकी वर्षं टिकला, यात नाव घालवण्यासारखं काय, म्हणाले. मी म्हटलं, टिकला तेच वाईट झालं. हसणं थांबलं.

त्यांचं म्हणणं: नवी काळी तार मेनपासून ओढायची, सांधा तोडायचा, चहा पिऊन यायचं. सांगत बसायचं नाही. इथल्या घरांत लोक आम्हाला बाबांच्या नावावर देवघरापर्यंत आत घेतात. एकदा पटले बाईच्या तोंडून निघालं की मंडईत प्रत्येक पाहुण्यापर्यंत जाईल. तुझंही नाव आत्ताच होऊन राहिलं आहे, म्हणाले.

मी विचारलं, आणि तुमच्या घरात असं कोणी केलं असतं तर?

"तर मी त्याले ठोकलं असतं. म्हणून तर सांगू नको म्हणतो."

आई आतून म्हणाली, दोघंही जेवून घ्या आधी. वांग्याची भाजी होती, उतारावरच्या वाडीतली. छान झाली होती. खरंच छान झाली होती, मला भूक होती. सांगून टाकल्यामुळे असेल.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

सकाळी बाबा चहाचा कप घेऊन माझ्या टेबलाशी आले. उभेच राहिले.

"काळी तार संपली होती त्या दिवशी. अर्जुनीचं दुकान बंद. तू वरून विचारलं असन, आन् मीच म्हटलं असन, सध्या हिरवीले लाव, मंग पाहू. मंग पाहायचं राहून गेलं."

तुम्हाला आठवतं का खरंच, मी विचारलं. "आठवते", म्हणाले आणि गेले.

मला माहीत नाही. बाबांना मागच्या आठवड्यातलं गिऱ्हाईक आठवत नाही. त्या दिवशी दुकान बंद होतं हे आठवेल? की माझ्या डोक्यावरचं काढून स्वतःच्या डोक्यावर घेतलं? दोन्ही शक्य आहेत, म्हणून दोन्ही लिहून ठेवते. आठवत नसलेली गोष्ट खरी म्हणून काकूंना सांगणार नाही. सांधा माझ्या हाताचा, एवढं पक्कं आहे, तेवढं सांगायचं.

एक मात्र मला कालपासून टोचतं आहे. त्या उन्हाळ्यात मी बाबांबरोबर अजून कुठे कुठे गेले होते?

शनिवार, २२ नोव्हेंबर

तार आणली. तीन दिवस मी स्वतःला सांगत होते की तार मिळायची आहे, पोती हलायची आहेत. तार कधीही मिळाली असती. मी भीत होते. पोती मात्र खरोखरच आज गिरणीवर गेली. काकूंचा फोन आला होता. खोली मोकळी आहे, झाडून ठेवते म्हणाल्या. एमसीबीला हात लावला नाही हेही न विचारता सांगितलं. "तू नाही म्हटलं ना, मंग कायले लावू?"

काकाजींनी आज घंटा वाजवून त्यांना फक्त मोर दाखवायला बोलावलं. कुंपणावर बसला होता. गेल्या, बघितला, परत खळ्यावर. हे मला सांगताना त्यांचा सूर तक्रारीचा होता, पण तक्रार नव्हती.

जेवणानंतर बाबा लग्नपत्रिकेच्या जुन्या पाकिटावर काहीतरी लिहीत होते. माझ्याकडे सरकवलं. त्या उन्हाळ्यातली घरं. पटले, मग आमच्याच गावातली दोन, आणि नवेगावच्या रस्त्यावरचं एक. ते मला मुळीच आठवत नव्हतं. "तिथंही तूच चढली होती", म्हणाले. सोमवारी पटलेंकडे बरोबर येता का विचारलं. पाय दुखतो म्हणाले. मग थोड्या वेळाने हातोडी कुठे ठेवली ते विचारत होते. येतील की नाही, सांगता येत नाही.

काकू काय म्हणतील तेही. बहिणीच्या घरचं काम जाईल कदाचित. काकाजींची बटनं काढून टाक म्हणणार नाहीत, एवढी आशा आहे. पाकिटावरच्या बाकी तीन घरांचे वार अजून ठरवले नाहीत. हे पहिलं कसं होतं ते पाहू.

तर सोमवारी, २४ला, साडेआठची बस, दहाच्या आत काकूंच्या दारात. आधी त्यांना बसवून सांगायचं, काकाजींसमोर, मग मेन बंद करून काम. आधी काम केलं तर मी सांगणार नाही, एवढं मी स्वतःला ओळखते.