दुकानात दिसणारा मासा

प्रिय से-रिन,

तुझ्या बाबांनी माझ्या टेबलावर लॅपटॉप आपटला, त्या क्षणी माझं नशीब फिरलं. कॉलेज सोडलं म्हणून ज्याला त्यांनी तुमच्या दारातून हाकललं, त्याच्याच दुरुस्तीच्या दुकानात त्यांना यावं लागलं! देजॉन शहरातल्या बाकीच्या दुरुस्तीवाल्यांनी म्हणे हात टेकले होते. "अर्धवट शिकलेल्याला जमेल का रे?" त्यांनी टोमणा मारलाच. मीही भडकलो, "मग पदवीवाल्याकडे न्या!" पण काका हलेनात. निवृत्त मित्रांची मासेमारीच्या गेमची स्पर्धा तोंडावर आलेली आणि गेम लावला की यांचा स्क्रीन काळाठिक्कर. "हेडफोनमध्ये पाणी खळखळतं, मासा लागल्याचं कळतं, दिसत मात्र काही नाही. नुसत्या अंदाजानं गळ ओढतोय मी!"

मी गेम सुरू केला. नदी, होडी, हा एवढा मासा, सगळं लख्ख! काकांचे कान लाल. लॅपटॉप उचलून घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी परत हजर. "घरी काळं, इथे रंगीत. मंतरतोस काय याला?" पुन्हा लावला, पुन्हा लख्ख. शेवटी विचारलं, घरी याला काय काय जोडलेलं असतं? "काही नाही रे, चार्जर. आणि ती टीव्हीची वायर, मोठं दिसावं म्हणून लावलेली. पण माझ्या खेळायच्या वेळी तुझ्या काकूची मालिका असते. मग आपला लॅपटॉपवरच खेळतो."

हसू दाबताना माझा जीव गेला गं! गेम सगळं चित्र टीव्हीकडे पाठवत होता आणि टीव्हीवर काकूंची मालिका. वायर उपटली की काम फत्ते. अगदी ओठांवर आलं होतं, पण गिळलं. चेहरा डॉक्टरसारखा केला आणि म्हणालो, "काका, हे घरी येऊनच बघावं लागेल."

त्यांनी लॅपटॉप उघडला, मिटला, काखेत मारला. दारापर्यंत गेले आणि पाठमोरेच म्हणाले, "शनिवारी ये. त्या दिवशी वर्षाची कोबीची किमची घालायची आहे. हातमोजे आण, नुसता बसू देणार नाही."

बाबा स्वतः घरी बोलावत नाहीत तोवर फोन नाही, पत्र नाही, असं तू बजावलं होतंस ना? बोलावलंय! म्हणून हे पत्र. शनिवारी तूही वसतिगृहातून घरी ये, माझ्या शेजारी बसून कोबीत मसाला भर. वायर काढायला क्षणभर लागेल, पण शेवटचा कोबी बरणीत जाईपर्यंत मी तिला हात लावणार नाही. तोवर बाबांना काही बोललीस तर बघ! पाकीट चिकटवतो, दुकानाचं दार ओढून घेतो आणि टपालपेटीकडे पळतो.

तुझाच, अजून तितकाच तापट,
ग्यू-वॉन