माळाखालचा दगड

अप्पा, माळाखालचा दगड मी विकला. जमीन आपल्याच नावावर आहे, फक्त तिच्या पोटातला दगड दिला. तुम्ही गेलात तेव्हा मंद्रूपच्या रस्त्याला दोनच खडी क्रशर होते. नंतर एकेक करून सगळ्यांनी आपापले माळ दिले, खाणी खोल गेल्या, काही तर दगड संपला म्हणून सोडूनही दिल्या. त्यात आता हिरवं पाणी साचलंय. मधे उरला होता तो आपला माळ. सुरुंगाच्या हादऱ्यांनी विहीर आटली, ज्वारीच्या पानांवर पांढरी धूळ बसायला लागली, वाट्यानं करणारा माणूसही रान सोडून गेला. तरी मी दोन वर्षं नाहीच म्हणत होते.

अव्वा गेली, आईवेगळी झाले, तेव्हा मी दहावीला होते. भावकीतले म्हणाले, खालच्या काळ्या रानात पुरू, खणायला सोपं. तुम्ही ऐकलं नाहीत. "तिला वरून रान बघायची सवय हाय, वरच बसू दे," म्हणालात. मुरमात पहारी वाकल्या, दुपार टळली, तेव्हा कुठं आपल्या रीतीप्रमाणं तिला बसतं पुरण्याएवढा खड्डा झाला. पुढं पाहुणे पांगले आणि तुम्ही चुलीपुढं बसून पहिल्यांदा भाकरी थापताय. भाकरी परातीतून उचलताना मधोमध फाटते, तुम्ही ती तशीच तव्यावर टाकता, आणि मला हसू फुटतं. तुम्ही मान वर करून विचारता, "याकव्वा? का हसतीस?" मला वाटतं आता रागवाल. पण तुम्हीही हसता. त्या घरात कितीतरी दिवसांनी कुणीतरी हसलं होतं.

कॉलेजच्या सुट्टीत एकदा क्रशरवाला आला, तेव्हा मीच पुढं होऊन त्याला चहा दिला, देऊ की म्हणाले, घरावर स्लॅब पडेल म्हणाले. तो गेल्यावर तुम्ही एवढंच बोललात, "तुझी आई बसलीय तितं. इचारलंस का तिला?" दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. मग मला सोलापुरात शाळेत नोकरी लागली, खोली घेतली, तर तुम्ही एसटीतून पाटा-वरवंटा घेऊन हजर. वडाराकडून माळावरच्याच दगडाचा घडवून घेतला होता. कंडक्टरशी भांडण झालं म्हणून सांगत होतात, पण चेहरा खुशीत होता. वर्षभरात तुम्हीही माळावर अव्वाशेजारी जाऊन बसलात.

आता शाळेतून निवृत्त झाले, तुमचे जावई जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी बंगळुरात. घरात मी एकटीच. नवा क्रशरवाला पहिल्यांदा आला तेव्हा चपला पार जिन्याखाली काढून वर आला. "बाई, जमीन तुमचीच राहणार. आमाला निस्ता खालचा दगड पायजे."

"खाली माझे आईवडील आहेत."

तो म्हणाला, "अप्पास्नी बघितलंय की मी. ल्हान हुतो. बैलाशी कानडीत बोलायचे." हे खरंच होतं, आणि मी विसरून गेले होते.

तो दर महिन्याला यायचा. मी नाही म्हणायची, तो चहा प्यायचा, तुमच्याबद्दल काहीबाही सांगायचा, आणि "येतो पुन्यांदा" म्हणून जायचा. पुण्याहून धाकट्याचा फोन यायचा, "ताई, तू म्हणशील तिथं सही करतो, पण एकदाचं संपव." शेवटी क्रशरवाला म्हणाला, "बाई, हितली खडी संपत आली. औंदा न्हाय म्हणालात तर मशीन दुसरीकडं हलवणार. मग मी बी येत न्हाय." मी सही केली. समाध्यांची जागा सोडायची आणि तिथवर जायला वाट ठेवायची, एवढी अट घातली.

त्यानं शब्द पाळला. परवा जाऊन आले. दोन्ही बाजूंनी खोल खाण, मधून भिंतीसारखी वाट, आणि तिच्या टोकाला तुम्ही दोघं. हार घेऊन निघाले, पण थोडं गेल्यावर वाटेवरच खाली बसले. वारा फार होता. हाक मारली असती तर तुम्हाला ऐकू गेली असती, एवढंच अंतर. हार तिथंच दगडाखाली दाबून ठेवला आणि परत फिरले. हे पत्रही तिथं आणून ठेवायचा विचार होता, पण आता माझ्यानं काही तिथवर येववणार नाही.

सहीनंतर तो एकदाही घरी आलेला नाही. त्याचं काम झालं, त्यानं तरी का यावं? लोक म्हणतात, बाईंनी वडिलांसाठी दोन वर्षं माळ धरून ठेवला. मी ऐकून घेते. पण तुम्हाला म्हणून सांगते, अप्पा, नाही म्हटलं की तो पुढच्या महिन्यात पुन्हा यायचा, म्हणून मी नाही म्हणत होते.