सोमीच्या लॅपटॉपचा विमा

शहापूर,
बुधवार

प्रिय विनोद,

टोकावड्याच्या घरामागची विहीर आठवते का? मे महिन्याच्या सुट्टीत मी कल्याणच्या कॉन्व्हेंटमधून घरी आले की दुपारी आपण दोघं तिच्या कठड्यावर बसायचो. बाबांच्या दवाखान्यातला ट्रान्झिस्टर तू हळूच उचलून आणायचास आणि माझ्या फ्रॉकच्या खिशात कैरी अन् मीठ-तिखटाची पुडी असायची. आवाज इतका बारीक ठेवायचा की दोघांनाही कान लावावे लागत. तुझ्या डोक्याला खोबरेल तेलाचा वास यायचा. अजूनही तो वास आला की मला नऊ वर्षांचा तू आठवतोस. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे या पत्रात माया फारशी दिसणार नाही.

रागात लिहिलेलं पत्र एक दिवस दप्तरात ठेवायचं आणि मगच पेटीत टाकायचं, असं आमच्या सिस्टर सांगत. आयुष्यभर मी ते पाळलं. हे पत्र मात्र मी आज लिहिते आहे आणि आजच पाठवते आहे.

सोमीला लॅपटॉप घेऊन द्यायचं मी ठरवलं, तेव्हा पहिला फोन तुला केला. तू अख्खी नोकरी विम्याच्या कचेरीत काढलीस, मग दुसऱ्या कुणाला विचारणार? मुलगी आर्किटेक्चरला लागली आहे, नकाशे काढायला भारी मशीन लागतं, माझी सगळी दिवाळी-दसऱ्याची शिल्लक त्यात गेली आहे, तर विमा कोणता घेऊ, एवढंच मी विचारलं. दोन प्रकार होते. एक चोरीचा, दुसरा पडणं, फुटणं, पाणी जाणं, विजेच्या झटक्याने जळणं यांचा. दोन्ही मिळून महाग पडत होते. तू विचारलंस, राहते कुठे ही मुलगी? मी म्हटलं, टोकावड्याजवळच्या वाडीत, आपल्याकडे कामाला होती त्या सकुबाईची नात ती. यावर तू काय म्हणालास ते तुझ्या लक्षातही नसेल. "मग तर चोरीचाच घे, ताई!" म्हणालास आणि मोठ्याने हसलास. आणि विनोद, मीही हसले. तू तुझ्या मोबाइलवरून फॉर्म भरलास, मी इकडून हो म्हटलं, पाच मिनिटांत काम झालं.

सोमी शनिवारी लॅपटॉप न्यायला आली. पेढे घेऊन आली होती. मी चहा टाकायला आत गेले, तोवर तिने पिशवीतला विम्याचा कागद काढून वाचला. इंग्रजी तिला मीच शिकवलं आहे, आठवीपासून. मी बाहेर आले तर म्हणाली, "बाई, ह्याच्यात लिवलंय का कुलूप फोडल्याची खूण पायजे. आमच्या दाराला कुलूपच नाय. कडी बी नाय, सुतळी बांधतो कुत्रा शिरू नये म्हणून." मी हसून वेळ मारून नेली. मग ती म्हणाली, "दिवे दिवसातनं धा वेळा वरखाली होतात. कौलातनं गळतं. उंदीर वायरी खातात. त्याचा कायच नाय घेतला. चोरीचाच का घेतला, बाई?"

मी चाळीस वर्षं शिकवलं. वर्गात एकही प्रश्न मी अनुत्तरित ठेवला नसेल. मी तिच्यापुढे कप सरकवला आणि म्हटलं, चहा घे.

तिने चहा घेतला. कप विसळून ठेवला. लॅपटॉप पिशवीत घातला, वर तो कागद ठेवला आणि पिशवी माझ्याच टेबलावर सरकवली. "तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. उद्या कुठं गेला, तर नाव आमचं येईल. आजीचं आलेलं तसं." आणि मुरबाडची एसटी पकडायला निघून गेली. येत्या सोमवारी तिचं कॉलेज सुरू होतं आहे आणि मशीन माझ्या टेबलावर पडलं आहे.

तेव्हापासून मी तुझ्यावर संतापले आहे. बाबांवर संतापले आहे, ते जाऊन वीस वर्षं झाली तरी. ट्रान्झिस्टर नाहीसा झाला तेव्हा दवाखान्यातल्या सगळ्या पेशंटांसमोर त्यांनी सकुबाईची टोपली उपडी केली होती. तिच्यातून नाचणीची अर्धी भाकर आणि दोन मिरच्या पडल्या. ट्रान्झिस्टर निघाला नाही, तरी तिला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं. आपल्या घरात पुढे वर्षानुवर्षं सांगितलं गेलं, सकुने ट्रान्झिस्टर मारला. तू बायकोला सांगितलंस, मुलांना सांगितलंस. इतक्यांदा सांगितलंस की तुला ते खरंच वाटायला लागलं असेल. पण पट्टा रहाटाच्या खांबाला तू अडकवला होतास. तो निसटला तेव्हा पाण्याचा आवाज आपण दोघांनी ऐकला. तू माझा हात घट्ट धरलास. मी बारा वर्षांची होते. टोपली उपडी झाली तेव्हा मी दवाखान्याच्या दारात उभी होते, आणि जूनमध्ये कॉन्व्हेंटला परत गेले.

काल मी टोकावड्याला गेले. सकुबाई ऐंशीला आली आहे, दिसतं कमी, पण आवाजावरून ओळखलं मला. सोमी आणि तिचा बाप लडकू यांच्यासमोर मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, म्हातारी रडेल नाहीतर शिव्या देईल. ती म्हणाली, "ठावं हाय." आपली विहीर आटली तेव्हा गाळ काढायला बाबांनी वाडीतली माणसं लावली होती ना? खाली उतरला तो तिचा नवरा, धाकलू. ट्रान्झिस्टर त्याच्या हाताला लागला. त्याने तो गाळाच्या पाटीत दडवून घरी नेला. मी विचारलं, दाखवला का नाही? "दाखवला असता तर डाक्टर बोललं असतं, तुमीच चोरला नि तुमीच टाकला. कोण आमचं ऐकणार व्हता?" तुझ्याबद्दल म्हणाली, "भाऊ बारका व्हता, त्याला काय बोलू?" मग माझ्याकडे तोंड वळवून म्हणाली, "तू तर मोठी व्हतीस गो. साळंत शिकत व्हतीस." एवढंच बोलली.

मग लडकूने पत्र्याची पेटी उघडली आणि फडक्यात बांधलेला ट्रान्झिस्टर माझ्या मांडीवर ठेवला. कातडी कव्हर कुजलं आहे, पट्ट्याची कडी मात्र शाबूत आहे. तो घेऊन मी घरी आले. सोबतच्या खोक्यात तोच आहे, आणि हे पत्र त्याच्यासाठीच लिहिलं आहे.

तर नीट वाच. लॅपटॉप सोमीचा. पंधरा दिवसांच्या आत विमा बदलता येतो, आणि नवा तिच्या नावावर तीच निवडणार आहे. पाण्याचा, विजेचा आणि चोरीचाही. "चोरीचा हॉस्टेलला लागंल, बाई. तिथं माणसं लय," म्हणाली. जुना रद्द करायचा ओटीपी नंबर तुझ्या मोबाइलवर येईल. तो मला सांगू नकोस. रविवारच्या आत तिला स्वतः फोन कर, आणि नंबर सांगण्याआधी कठड्यावर काय झालं ते सांग. त्याशिवाय ती पिशवीला हात लावणार नाही, आणि तिचं मला पटतं. तिचा फोन नंबर मागच्या बाजूला आहे. आईच्या पाटल्या मी सकुबाईला देऊ केल्या होत्या. तिने घेतल्या नाहीत, म्हणून त्या तुझ्या सुनेला. विहिरीवरची पितळी कळशी लडकूच्या घरी पोचवली आहे.

ट्रान्झिस्टर तुला. बाबांच्या फोटोशेजारी ठेव, आणि नातवंडांनी विचारलं की हा कुठे सापडला, तर त्यांना सांग.

तुझीच,
निर्मलाताई