मधुकरच्या वडिलांनी दिलेला पडदा

मी, चंद्रावती भिकाजी परब, वय ७४, निवृत्त शिक्षिका, राहणार इब्रामपूर, तालुका पेडणे, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि सकाळचा चहा घेऊन हे मृत्युपत्र करत आहे. गुडघे सोडले तर माझे सगळे ठीक चालले आहे.

१. घर व काजूची बाग: निम्मा हिस्सा गोव्याच्या कायद्यानेच मुलगा गौरेश याचा. उरलेलाही त्यालाच, मात्र पडवीत आमच्या हौशी नाट्यमंडळाच्या तालमी चालू राहतील. सून संजना हिने कानात कापूस घालावा. नाहीतरी जत्रेच्या नाटकाला पहिल्या रांगेत तीच असते.

२. मंडळाचे देणगीदार मी नवी चिटणीस सिद्धी हिला देते. ते माझ्या मालकीचे नाहीत, असे नोटरीबाई म्हणाल्या. तरी देते. सिद्धी, पावतीपुस्तक घेऊन वर्षातून एकदाच जा. एरवी नुसतीच जा. बारशाला जा, बाराव्याला जा. नाटक पडले तर तेही आपणच जाऊन सांग.

३. दर्शनी पडदा: हा आमच्या जुन्या देणगीदाराने, मधुकरच्या वडिलांनी, दिलेला, खाली त्यांचे नाव रंगवलेले. नवा पडदा आल्यावर आमच्या अध्यक्षाने, साईशने, हा गवताच्या गंजीवर घातला. मधुकरने ते पाहिले आणि मंडळाशी बोलणेच टाकले. साईश अजून म्हणतो, "जुनो फाटको पडदो तो!" त्याला या मृत्युपत्राने काही मिळणार नाही.

मी मात्र मधुकरकडे जात राहिले. वांग्यांच्या गोष्टी करायच्या, त्याच्या आईपाशी बसायचे. नाटकाचे नाव काढायचे नाही. पडदा धुऊन, शिवून माझ्या पेटीत ठेवला आहे. तो मधुकरलाच द्यायचा होता. पण काल तो आपणहून साक्षीदार व्हायला तयार झाला, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही. म्हणून पडदा मंडळाला. यंदाच्या जत्रेला हाच लागेल.

४. हे कलम सहीपूर्वी वाढवले. वरचे वाचून झाल्यावर मधुकरने कागद माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाला, "बाई, पडदो ओढूक माणूस आसा?"

दोन आहेत. मी म्हटले, "नाही." मला फार आनंद झाला आहे. सिद्धी, त्या दोघांना दुसरे काम दे.

वाचून, समजून, समाधानाने सही केली.

ठिकाण: पेडणे
दिनांक: ३ नोव्हेंबर २०२५

(सही) चंद्रावती भिकाजी परब

साक्षीदार:
(सही) जानकी शांताराम गावडे
(सही) मधुकर बाबली नाईक, पडदा ओढणार